आईसाठी हँड शॉवर: बाथरूमच्या नोंदी

९ नोव्हेंबर

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आज तीन आठवडे झाले. पाटावर बसून आंघोळ बंद, उंच स्टूलच वापरायचं असं सांगितलंय. स्टूल आणलं, पायाला रबर असलेलं, तिथपर्यंत सगळं ठीक. पण स्टुलावर बसलं की बादली खाली राहते आणि तांब्या भरायला वाकावं लागतं, आणि वाकायचं तर नाहीये. म्हणून बादली दुसऱ्या स्टुलावर ठेवली, तर तिचा काठ नळाच्या वर गेला, मग भरायची कशी. शेवटी मीच मगाने तिच्या अंगावर पाणी घालते. काल म्हणाली, "मी काय महादेवाची पिंड आहे का गं, रोज अभिषेक चाललाय."

तर हँड शॉवर बसवायचा ठरलं. नोंदी यासाठी ठेवतेय की जानेवारीत आई साताऱ्याला परत जाणार आणि तिथेही हेच बसवावं लागणार, तेव्हा भावाला फोनवर सगळं परत सांगत बसण्यापेक्षा हे पाठवून देईन.

आमची परिस्थिती आधी लिहून ठेवते. पुण्यात धायरी, ९८ सालची बिल्डिंग, आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. बाथरूममधे वॉल मिक्सर, म्हणजे गरम-गार पाणी मिसळणारा भिंतीवरचा नळ, त्याच्या वरच्या बाजूला भिंतीतून निघालेला शॉवरचा दांडा आणि त्यावर २०१५ साली घेतलेला गोल शॉवर, ज्यातून हल्ली पाणी पडत नाही, गळतं. १५ लिटरचा गीझर. पाणी बोअरचं आणि टँकरचं मिसळून. खडकवासला धरण इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि आम्ही टँकरची वाट बघतो, पण तो विषय आज नको.

१० नोव्हेंबर

नवीन घ्यायच्या आधी जुनाच साफ करून बघू म्हटलं. शॉवर फिरवून काढला, आतली जाळी बघितली तर पांढरे खडे, वाळूसारखे. हे बोअरच्या पाण्यातले क्षार, गरम पाण्याने लवकर जमतात, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच थर. लिंबूसत दोन मोठे चमचे एक लिटर कोमट पाण्यात घालून शॉवरचं तोंड त्यात अर्धा तास बुडवून ठेवलं. बुडबुडे येत होते तोवर बरं वाटत होतं. रात्रभर ठेवू नये, क्रोमचा मुलामा जातो, मागच्या वेळेला एका नळाची मी अशीच वाट लावलीय.

आधी आणि नंतर दोन्ही वेळा मोजलं. बादलीवर १० लिटरची खूण आहे, मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. साफ करायच्या आधी १० लिटरला ४ मिनिटं २० सेकंद. नंतर ३ मिनिटं १० सेकंद. आणि खालच्या नळाला तेच १० लिटर ६५ सेकंदात. म्हणजे नळाला मिनिटाला नऊ लिटर येतंय आणि शॉवरला जेमतेम तीन. पाईप चोंदलेला असता तर नळालाही आलं नसतं, असा माझा तर्क.

१२ नोव्हेंबर

ऑनलाईन एक मागवला. पाच मोडचा, दांड्यावर बंद-चालूचं बटण, सोबत दीड मीटरचा पाईप आणि चिकटवायचा हूक, सगळं मिळून ६४९ रुपये. नवरा म्हणाला पाच मोड कशाला. मी म्हटलं फुकट आहेत. खोक्यावर "हाय प्रेशर" असं मोठ्या अक्षरात.

१४ नोव्हेंबर

लावला. खोटं कशाला बोलू, स्वतःच लावला आणि फार अभिमान वाटला. एक गोष्ट कळली ती लिहून ठेवते: शॉवरच्या पाईपला दोन टोकं वेगळी असतात, एक निमुळतं गोल, ते हातातल्या शॉवरकडे, आणि दुसरं षटकोनी, पाना लागतो तसं, ते भिंतीकडे. दोन्हीत रबराचा वायसर बसवायचा, पाणी तोच अडवतो, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळायची गरज नाही. टेप फक्त भिंतीतल्या दांड्याच्या आट्यांवर. आटे सगळीकडे अर्ध्या इंचाचे असतात त्यामुळे कुठल्याही कंपनीचा पाईप कुठल्याही शॉवरला बसतो, ही एक गोष्ट या धंद्यात कोणीतरी नीट केलीय.

मग मोजलं. १० लिटरला ३ मिनिटं ४० सेकंद. जुन्या, २०१५ च्या शॉवरपेक्षाही कमी. हाय प्रेशर!

मसाजच्या मोडवर तर मधल्या तीन भोकांतून तीन सुतळ्या पडल्यासारखं पाणी.

१५ नोव्हेंबर

रात्री दोन वाजता बाथरूममधे धाडकन आवाज. आई पडली असं वाटून आम्ही दोघं धावलो, आई आपल्या खोलीत उठून बसलेली, "कोण पडलं गं?" चिकटवायचा हूक शॉवरसकट खाली आला होता. आमच्या टाईल्स खरखरीत आहेत, त्यावर ती रबरी वाटी धरत नाही. शॉवरच्या कडेला चीर गेली.

आता झोप उडालीच होती म्हणून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. "९ लिटर प्रति मिनिट, ३ बार दाबाला." आणि तिथेच सगळा घोळ आहे. तीन बार म्हणजे काय तर साधारण तीस मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब, दहा मीटरला एक बार असा ढोबळ हिशोब. आमची टाकी आमच्या डोक्यावर! सकाळी गच्चीवर जाऊन टेप लावणार.

१५ नोव्हेंबर, दुपार

टाकी जिन्याच्या टॉवरवर आहे ते बरंय. टाकीच्या तळापासून आमच्या शॉवरपर्यंत सरळ उंची १३ फूट भरली, म्हणजे चार मीटर, म्हणजे ०.४ बार. खोक्यावरच्या दाबाच्या साडेसात पट कमी. पाणी साडेसात पट कमी येत नाही, दाबाच्या वर्गमुळाच्या हिशोबाने कमी होतं, तर नऊ लिटरचे होतात तीन लिटर तीनशे मिली वगैरे, त्यातून पाईपातलं घर्षण वजा. मला आलं पावणेतीन. म्हणजे कंपनी खोटं बोलत नाहीये, फक्त तिने आमच्या घरात राहून मोजलेलं नाही.

यातून एक चांगली गोष्ट पण निघाली. शॉवर सात फुटांवर न धरता आई बसून साडेतीन फुटांवर धरणार, तर उंची साडेतीन फुटांनी वाढते, चार मीटरचे पाच होतात, आणि पाणी दहा-बारा टक्के जास्त येतं. वरच्या मजल्यावरच्या माणसाला हँड शॉवर हा डोक्यावरच्या शॉवरपेक्षा याच कारणाने बरा. खालच्या मजल्यावरच्यांना याचं काही पडलेलं नसतं.

नवरा म्हणाला प्रेशर पंप लावू. सात-आठ हजार, वर आवाज, वर लाईट गेली की बोंब. आईच्या दोन महिन्यांसाठी नाही.

१६ नोव्हेंबर

रेस्ट्रिक्टरबद्दल कळलं. हातातल्या शॉवरच्या दांड्यात, जिथे पाईप जोडतो तिथे, एक छोटी प्लॅस्टिकची चकती असते, हिरवी किंवा पांढरी, मधे बारीक भोक. पाणी वाचवायला. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने शॉवरला मिनिटाला अडीच गॅलनची मर्यादा घातली, म्हणजे साडेनऊ लिटर, आणि ते मोजायचं ८० पीएसआयला, म्हणजे साडेपाच बारला. तिकडे नळाला दाब जास्त असतो म्हणून चकती लागते. आमच्याकडे ०.४ बारला चकती म्हणजे उपाशी माणसाला एकादशी.

टाचणीने उचकटून काढली. परत मोजलं: २ मिनिटं २० सेकंद. मिनिटाला सव्वाचार लिटर. फरक डोळ्याला दिसला.

पण दुसरा प्रॉब्लेम बटणाचा, आणि तो मोठा. आईला मी शॉवर हातात दिला, साबणाचा हात, बटण दाबायचं तर अंगठ्याला जोर लागतो, तिच्या अंगठ्याला संधिवात आहे हे मी विसरलेच होते. बटण दाबायला गेली आणि शॉवर हातातून सटकून गरागरा फिरला, मी भिजले, छत भिजलं, टॉवेल भिजला. आई हसायला लागली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा इतकी हसली.

१८ नोव्हेंबर

प्लंबर दादांना बोलावलं. ते या बिल्डिंगमधे वीस वर्षं येतात, कुठल्या फ्लॅटची कुठली लाईन कुठून गेलीय ते त्यांच्या डोक्यात आहे. मी विचारलं, मिक्सरच बदलून थ्री-इन-वन लावू का, ज्यात खालचा नळ, हँड शॉवर आणि वरचा शॉवर तिन्ही असतात, हँड शॉवरचा पाईप थेट मिक्सरवरून निघेल.

त्यांनी मिक्सरच्या मागच्या पट्टीवर बोट फिरवलं, बोटाला लाल गंज. "ताई, आतमधे जीआय पाईप आहे, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी. मिक्सर फिरवला आणि आतला निपल, म्हणजे जोडाचा छोटा तुकडा, तुटला तर टाईल फोडायची. लागला तर तासाचं काम, नाहीतर आठवड्याचं. आजींना आठवडाभर आंघोळ नाही घालणार का?"

मिक्सरला हात लावायचा नाही, हे ठरलं.

बटणाबद्दल पण त्यांनी सांगितलं ते महत्त्वाचं. मिक्सरचे दोन्ही नॉब उघडे ठेवून शॉवरच्या बटणाने पाणी बंद केलं तर पाईप सतत दाबाखाली राहतो आणि एक दिवस फाटतो. शिवाय मिक्सरच्या आत गरम आणि गार दोन्ही लाईनी एकमेकींना उघड्या राहतात, ज्या बाजूला जोर जास्त ती दुसरीत घुसते, आणि परत बटण दाबलं की पहिला फवारा कसा येईल ते देवालाच ठाऊक. मला परवा हेच झालं होतं, आधी गार, मग एकदम चटका, आणि मी गीझरला शिव्या देत होते. मग मी विचारलं, संडासातल्या जेट स्प्रेचाच दुसरा एक आणून लावला तर? म्हणाले त्यालाही तेच बटण, आणि तो गार पाण्याच्या अँगल कॉकवर असतो, हिवाळ्यात आजी तुम्हाला आशीर्वाद देतील.

मग मार्ग उरला तो असा: वरच्या दांड्यावर टू-वे डायव्हर्टर लावायचा, एक तोंड जुन्या शॉवरला, एक हँड शॉवरला. किंवा जुना शॉवर काढूनच टाकायचा. डायव्हर्टरची चावी सात फुटांवर, आई बसल्या जागेवरून फिरवू शकत नाही, पण ती आम्ही आधी फिरवून ठेवू शकतो. दादांकडे एक जुना डायव्हर्टर होता तो लावून मोजलं. त्याच शॉवरला २ मिनिटं २० चे २ मिनिटं ५० झाले. आतलं भोक बघितलं तर करंगळीएवढंही नाही.

डायव्हर्टर रद्द. नवऱ्याचा डोक्यावरचा शॉवर गेला. त्याने शोकसभा घेतली.

२२ नोव्हेंबर

भवानी पेठेतल्या सॅनिटरीच्या दुकानात गेले. ऑनलाईन फोटोत वजन कळत नाही, हातात घेऊन बघायचंच होतं.

दुकानदार पहिल्यांदा मला पितळेचा दाखवायला लागले, "मॅडम, आयुष्यभर जाणार नाही." जाणार नाही हे खरं, पण आईच्या हातात ते पाव किलो दहा मिनिटं कोण धरणार. प्लॅस्टिक म्हटलं की नाक मुरडतात सगळे, पण एबीएस या टणक प्लॅस्टिकचा चांगला शॉवर हलका असतो, गरम पाण्याने हाताला चटका देत नाही आणि पडला तर टाईल फुटत नाही, हे मी अनुभवाने सांगतेय, रात्री दोनच्या.

मी घेऊन गेलेली यादी: बटण नको, दांडा जाड आणि मागे खडबडीत, तोंड मोठं पण भोकं फार नकोत, आणि भोकांवर सिलिकॉनची मऊ बोंडं पाहिजेत. या बोंडांचं कारण असं की क्षार जमले की अंगठ्याने घासायचं, खडे गळून पडतात, लिंबूसतात घालायची वेळ कमी येते. प्लॅस्टिकच्या नुसत्या भोकांना ते जमत नाही. पावसासारखं पडणाऱ्या मोठ्या तव्याएवढ्या शॉवरचा फार आग्रह झाला, पण पाणी तेवढंच आणि भोकं दोनशे, मग प्रत्येकातून थेंब थेंबच येणार.

दुकानात सरकत्या दांड्याचे सेट पण होते, उभा रॉड आणि त्यावर शॉवर वर-खाली करायचा. हा प्रकार मला नवीन वाटत होता तर तो हान्सग्रोहे या जर्मन कंपनीने १९५३ मधेच काढलाय, आणि मोड बदलता येणारा हँड शॉवर १९६८ मधे. माझी आजी तेव्हा घंगाळात पाणी तापवत होती. रॉड घेतला नाही. कारण आई उठताना तोच धरणार, आणि तो माणसाचं वजन घ्यायला केलेला नसतो, दोन बारीक स्क्रूवर लटकलेला असतो. धरायला वेगळा स्टीलचा ग्रॅब बार घेतला, दोन्ही टोकांना तीन-तीन स्क्रूचा.

खरेदी: एक मोडचा एबीएस शॉवर ७८०, दोन मीटरचा स्टीलचा पाईप ४२०, भिंतीत स्क्रूने बसणारे दोन हूक १९० ला एक, ग्रॅब बार ९५०, वायसरचं पाकीट २०. पाईप दीड मीटरचा पुरला नसता. दांडा सात फुटांवर, दीड मीटर म्हणजे पाच फूट, उभा लोंबला की संपला, आई स्टुलावर बाजूला बसते तिथपर्यंत ओढला की ताणतो.

घरी येऊन पहिलं काम चकती काढली. याची पांढरी होती.

१० लिटर: १ मिनिट ४५ सेकंद. मिनिटाला पावणेसहा लिटर!! दोनदा मोजलं.

२३ नोव्हेंबर

भोकं पाडायचा दिवस. दादा आले ड्रिल घेऊन. मिक्सरच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल चालवायचं नाही, पाईप तिथूनच गेलेत, म्हणून हूक फूटभर डावीकडे. टाईलवर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर खूण केली, म्हणजे ड्रिल घसरत नाही, आणि टाईल पार होईपर्यंत हॅमर मोड बंद. एक हूक साडेपाच फुटांवर, आम्हा उभ्यांसाठी. दुसरा कुठे याच्यावर मात्र अर्धा तास गेला. आईला कपड्यांसकट स्टुलावर बसवलं, खांद्याला पेन्सिल लावली, त्याच्या चार बोटं वर. मला वाटत होतं हूक म्हणजे शॉवर टांगून ठेवायची जागा. आई म्हणाली, "मी हातात धरणारच नाही. तिथंच राहू दे, खांद्यावर पडू दे, मला दोन्ही हात लागतात." बरोबरच की. एका हाताने साबण कसा लावणार.

दोन हजार साडेपाचशे खर्च आणि तीन रविवार हातातला शॉवर निवडण्यात गेले आणि आई तो हातात घेणार नाहीये.

एका भोकापाशी टाईलचा टवका उडाला, चण्याएवढा. हूकखाली झाकला गेला.

२४ नोव्हेंबर

आज आईने पाच आठवड्यांनी दार लावून एकटीने आंघोळ केली. कडी लावायची नाही एवढ्या अटीवर. मी बाहेर उभी, आतून पाण्याचा एकसारखा आवाज, मधेच थांबला तर माझ्या पोटात गोळा, मग परत सुरू. साबण लावायला तिने मिक्सर बंद केला होता.

बाहेर आली आणि पहिला प्रश्न, "किती वेळ लागला?" नऊ मिनिटं. "पाणी चालू किती?" मी म्हटलं सहा असेल. "म्हणजे साडेतीन बादल्या." पावणेसहा सक चौतीस, दहा-दहाच्या बादल्या धरून हिशोब बरोबर. "मी दोन बादल्यात करायची." हेही बरोबर, आणि टँकरची बिलं कोण भरतं ते तिला माहितीये. गीझरचा हिशोब पण इथेच बसतो: ६० अंशाचं १५ लिटर पाणी सध्याच्या गार पाण्यात मिसळून आंघोळीसारखं पस्तीसेक लिटर होतं, म्हणजे तिला पुरलं आणि माझी पाळी आली तेव्हा गारठले. डिसेंबरात गार पाणी अजून गार झालं की तीसच्याही खाली जाईल, तेव्हा दोघींच्या मधे वीस मिनिटं सोडायची.

२७ नोव्हेंबर

नवी तक्रार. साबणाला मिक्सर बंद केला की परत चालू करताना गरम-गारचं माप हुकतं. पहिले दोन दिवस आईने दर वेळेला पाय पुढे करून पाणी बघितलं, तोच ऑपरेशनचा पाय. नेलपॉलिश काढलं, लाल गरमच्या नॉबवर आणि कपाटात सापडलेलं जुनं मोरपंखी गारच्यावर, एक ठिपका नॉबवर आणि एक समोर पट्टीवर. ठिपक्याला ठिपका जुळवला की झालं. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू तीच, आणि नवरा ज्या शॉवरसाठी रडत होता तोसुद्धा आता ठिपके जुळवतो.

६ डिसेंबर

भिंतीकडच्या जोडातून थेंब थेंब. पाना लावून आवळायला गेले, दादांचं आठवलं, आधी उघडून बघ. वायसर दुमडला होता. नवा घातला, हाताने आवळला, वर पान्याने फक्त पाव फेरा. थांबलं. वीस रुपयांच्या पाकिटात नऊ उरलेत, त्यातले चार भावासाठी बाजूला काढले.

बोंडांवर दोन आठवड्यांत पांढरं दिसायला लागलंय. अंगठ्याने घासलं, गेलं. परत मोजलं, १ मिनिट ४८ सेकंद.

१४ डिसेंबर

भावाला इथपर्यंतचं सगळं पाठवलं. वाचून लगेच फोन, "ताई, हाच शॉवर इथे घेऊन टाकतो, नंबर पाठव." मी विचारलं टाकी किती उंच आहे. म्हणाला, गच्चीवर आहे. गच्चीवर कुठे, स्टँडवर का नुसती स्लॅबवर, आणि आईचं बाथरूम खाली का वर? तर म्हणे खालीच, मधे एक मजला, टाकीचं काय नक्की माहीत नाही, बाबांनी बसवलेली. म्हणजे तिथे दाब इथल्यापेक्षा जास्त निघेल आणि चकती कदाचित काढावी पण लागणार नाही, पण अंदाजाने सांगायचं नाही हे मी शिकलेय.

आई मागून ओरडून सांगत होती, "त्याला म्हणावं हूक माझ्या खांद्याला लावून मग पाड भोक, त्याच्या नको!"

त्याला म्हटलं शॉवर नंतर, आधी टेप घेऊन गच्चीवर चढ.